बर्गर खायचाय, पण बिलाची धास्ती वाटते

पत्राचा सारांश

वाचक 26 वर्षांची आहे. मूळची दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावची, सध्या पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात. हातात पगार 34,000. त्यातले 10,000 घरी जातात, 8,500 खोलीच्या भाड्याला. ऑफिसातला पाच जणांचा ग्रुप जानेवारीत गोव्याला निघालाय. ट्रेनची तिकिटं आणि खोल्यांचे पैसे भरून झालेत. एका मित्राने आश्वेच्या किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटचं मेनूकार्ड ग्रुपवर टाकलं. तिथला 'गूर्मे', म्हणजे खास खवय्यांसाठीचा, बर्गर 780 रुपयांना आहे. सगळ्यांनी लगेच हो म्हटलं, हिनेही बदामाचं चिन्ह पाठवलं आणि रात्रभर झोपली नाही. मागच्या वर्षी अलिबागला हिने फ्रेंच फ्राइज आणि लाइम सोडा घेतला होता. बाकीच्यांचे प्रॉन्स, कॉकटेल्स. बिल आलं, कुणीतरी मोबाइलवर पाचने भागलं, हिच्या वाट्याला 1,450 आले. गुमान भरले. आता आई फोनवर म्हणते, "आठशेचा पाव? तेवढ्यात आपल्याकडे आठवड्याची मासळी येते."

हिचे प्रश्न असे: "त्या संध्याकाळी ताप आलाय सांगून खोलीवरच थांबू का? मी कंजूष आहे का? आम्ही समुद्राकाठची माणसं. समुद्रावर जाऊन बर्गर खायचा, हा नुसता देखावा नाही का? पण ताई, खरं सांगू, मला तो बर्गर खायचाय." खाली बारीक अक्षरात: "आणि तो हाताने खातात की सुरी-काट्याने?"

उत्तर

तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तू शेवटाकडे ढकललंयस. तुला तो बर्गर खायचाय. त्याच्या आधीचं दीड पान आई, मासळी, देखावा आणि कंजूषपणा यांनी भरलंय, आणि मला वाटतं, ते एक वाक्य लिहायचा धीर यायलाच तुला दीड पान लागलं. 26 वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलीला एखादा पदार्थ चाखावासा वाटला तर त्यासाठी बाजू मांडावी लागत नाही. मी हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी पैशांबद्दल बरंच बोलणार आहे आणि त्यातून 'ताईंनी नको म्हटलं' असा अर्थ तू काढशील. मी नको म्हणत नाहीये.

आता 'कंजूष'. हा शब्द तुला कुणी म्हटला? पत्र दोनदा वाचलं, कुणी म्हटल्याचं सापडलं नाही. अलिबागलाही कुणी काही बोललं नव्हतं. पाचने भागणाऱ्याने भागलं, तू भरलंस, सगळे गाडीत बसले. तो शब्द तूच स्वतःला लावलायस आणि मित्रांच्या तोंडी घातलायस. त्यांना काय माहीत आहे ते बघ. तुझा पगार त्यांना साधारण ठाऊक असेल, घरी 10,000 जातात हे बहुधा नाही. अलिबागचे 1,450 तुला लागले हे तर नाहीच. त्यांच्या हाती आहे तुझं बदामाचं चिन्ह, आणि त्यावरून कुणीही हेच समजेल की पोरगी खूश आहे.

महिन्याचा हिशोब ठेवणाऱ्या मुलीला 'आपण हिशोबी दिसू' याची लाज वाटावी, तीही अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या मुलीला, याची मला जरा गंमत वाटली. ऑफिसात कुणी व्हाउचरशिवाय 1,450 मागितले असते तर तू दिले असतेस का?

समान वाटणीची सवय येते कुठून तेही बघू. कॉलेजात काँट्री काढायचो तेव्हा सगळ्यांनी तेच खाल्लेलं असायचं. पाच चहा, पाच वडापाव, भागिले पाच. त्यात कुणावर अन्याय नव्हता, उलट सोय होती. नोकऱ्या लागल्या, पगार वेगळे झाले, कुणी प्यायला लागलं, कुणी नाही, कुणाच्या मागे घर आहे, कुणाच्या मागे नाही. भागाकार मात्र तोच राहिला. यात तुझ्या मित्रांचा लबाडपणा नाही, आळस आहे. भरल्या पोटी कोण कुणाचा सोडा मोजत बसणार?

2004 साली एका अर्थशास्त्राच्या नियतकालिकात उरी ग्नीझी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा यावरचा एक प्रयोग छापून आला होता. इस्रायलमधल्या एका रेस्टॉरंटात सहा-सहा जणांची टेबलं बसवली. काही टेबलांना सांगितलं, आपापलं भरा. काहींना सांगितलं, बिल सहांत सारखं वाटलं जाईल. सारख्या वाटणीच्या टेबलांवर माणसांनी जास्त मागवलं. तरीही 'तुम्हाला काय आवडेल' असं विचारल्यावर बहुतेकांचं म्हणणं पडलं की आपापलं भरलेलं बरं. ती माणसं एकमेकांना अनोळखी होती, मित्रांत जरा तरी भीड असते, हे खरं. पण तुझ्या टेबलावरच्या चौघांपैकी एखादा तरी मनातल्या मनात तुझ्यासारखाच भागाकार करत असेल, असं मला राहून राहून वाटतं. आधी बोलायची हिंमत कुणाची होत नाही, एवढंच.

मेनूवरचे काही भाव तू पाठवलेस, बाकीचे मी अंदाजाने धरते. पाच बर्गर, 3,900. मधे ठेवून खायला दोन स्टार्टर, 1,100. तिघांचे लाइम सोडे, 540. दोघे जण तीन-तीन कॉकटेल्स घेतात म्हणालीस. 550 प्रमाणे सहांचे 3,300. खाण्यावर आणि सोड्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 277. (रेस्टॉरंट एखाद्या महागड्या हॉटेलच्या आत असेल, जिथे खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर आहे, तर हाच कर 18 टक्के होतो, मेनूच्या तळाशी लिहिलेलं असतं, बघून घे.) दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तो मी इथे धरलेलाच नाही. एकूण 9,117. भागिले पाच, 1,823. आता तुझं एकटीचं मोज: बर्गर, सोडा, स्टार्टरमधला पाचवा हिस्सा आणि कर मिळून 1,239. फरक 584 रुपयांचा.

म्हणजे तुला बोचतोय तो बर्गर नव्हेच. बर्गरचे 780 तू स्वतः ठरवून घालवणार आहेस. हे 584 दुसऱ्याच्या ग्लासातले आहेत, आणि अलिबागपासून ते तुझ्या मनात सलतायत. दोन्ही खर्च तू एकाच खात्यात टाकलेस आणि खापर फोडलंस बिचाऱ्या बर्गरवर.

तापाचं सोंग नको. खोटं बोलणं वाईट म्हणून नको, असं मी म्हणत नाही. सोंग फुकट जातं म्हणून नको. ट्रेनचं तिकीट काढून, खोलीचे पैसे भरून तू तिथवर जाणार आणि त्या एका संध्याकाळी पंख्याखाली पडून ग्रुपवर येणारे फोटो बघणार. मित्रांना त्यातून कळणार काय? एक तर खरंच ताप आहे असं वाटून कुणीतरी क्रोसिन घेऊन तुझ्या दाराशी येईल आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल. किंवा त्यांना वाटेल, हिला आपल्यात यायला आवडत नाही. पुढच्या वेळी ते विचारणार नाहीत, आणि तू म्हणशील, बघा, पैशांवरून तोडलं.

अलिबागसारखं गप्प भरून टाकायचं, हाही एक मार्ग आहे. वर्षातून एकदा असेल तर मी त्यालाही नावं ठेवणार नाही. 584 रुपयांत कटकट वाचली, असं म्हणून सोडून देणारी माणसं असतात आणि सुखात असतात. पण तू त्यातली नाहीस. तुला तो 1,450 चा आकडा वर्षभर पाठ आहे.

फ्राइज मागवून बसणं तर सगळ्यात वाईट. हवं ते खायचं नाही, आणि भरायचं मात्र सगळ्यांइतकंच.

राहतो तो बोलायचा मार्ग. तो तुला अवघड वाटतो कारण तू तो टेबलावर, बिल आल्यानंतर, वेटर उभा असताना डोळ्यांसमोर आणतेस. त्या वेळी मलाही नाही जमणार. बिल आल्यावर काढलेला विषय तक्रार होते. निघण्याच्या आठवडाभर आधी काढलेला विषय नियोजन होतं. आधी ग्रुपमधल्या एकीशी किंवा एकाशी बोल, ज्याच्याशी तुझं जास्त जमतं. पूर्ण जमाखर्च सांगायची गरज नाही. "घरी पैसे पाठवते, त्यामुळे महिना टाइट असतो" एवढं पुरे. मग ग्रुपवर टाक, साधारण असं:

"बर्गरला मी शंभर टक्के येतेय! एकच करूया का, या वेळी टीटीएमएम, तुझं तू माझं मी? माझं बजेट जरा टाइट आहे आणि मी ड्रिंक्स घेत नाही. ऑर्डर देतानाच खाण्याचं आणि ड्रिंक्सचं बिल वेगळं करायला सांगू."

यात माफी नाही, टोमणा नाही, अलिबागचा उल्लेख नाही. अलिबाग काढू नकोस. कितीही जिभेवर आलं तरी. ते पैसे गेले, आणि ज्याने भागाकार केला होता त्याला आज वर्षभराने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून तुला काही मिळणार नाही.

दोन बिलांची सूचना मी मुद्दाम घातली. प्रत्येकाचं वेगळं बिल म्हटलं की वेटरच्या कपाळाला आठ्या पडतात, पण खाण्याचं एक आणि दारूचं एक हे बहुतेक ठिकाणी करून देतात. अट एकच, ऑर्डर देण्याआधी सांगायचं. खाण्याचं बिल मग पाचने भागलं तरी तुझी हरकत नसेल. पै-पैचा हिशोब लावत बसण्यापेक्षा हे मला जास्त पटतं; ग्रुपमध्ये कुणी जास्त फ्राइज खाल्ले, कुणी कमी, तेवढं चालायचंच.

एक शक्यता तुझ्या पत्रात नाही, पण ती येणार. तुझा मेसेज वाचून कुणीतरी म्हणेल, "अगं, मी भरतो तुझं, त्यात काय!" तेव्हा काय करशील? बाजूला घेऊन, हळूच, मनापासून कुणी म्हणालं तर माझं मत आहे की एखाद्या वेळी घ्यावं. मित्राकडून कधीच काही न घेणं हाही एक गर्वच आहे, आणि समोरच्याला त्यात दूर ढकलल्यासारखं वाटतं. परतीच्या वाटेवरचा सगळ्यांचा चहा तुझ्याकडून, फिटंफाट. पण चारचौघांत, मोठ्या आवाजात कुणी म्हणालं, तर हसून "नको रे, माझं मी बघते, फक्त तुझं कॉकटेल नाही बघणार" म्हण. हशा होईल आणि मुद्दाही पोचेल.

आता आई. तिचं म्हणणं खोटं नाही, म्हणून तुला ते लागतं. आठशे रुपयांत तुमच्या गावात बांगडे, मांदेली, हंगाम असेल तर थोडी कोळंबी, असं करत आठवडा निघत असेल. तिच्याशी वाद घालू नकोस. ती मासळीचा भाव सांगतेय. रेस्टॉरंटमधल्या 780 मध्ये पावाचा आणि खिम्याचा भाव थोडा, बाकी किनाऱ्यावरच्या जागेचं भाडं, कामगारांचे पगार, वीज, आणि पर्यटकांचा हंगाम संपल्यावर रिकाम्या राहणाऱ्या टेबलांची भरपाई. गोव्यातले शॅक, म्हणजे किनाऱ्यावर उभारलेली तात्पुरती खानपानगृहं, तर साधारण ऑक्टोबरात उभे राहतात आणि मे अखेर मोडून नेतात. वर्षाची कमाई त्या महिन्यांत काढायची असते. हे कळलं म्हणून बर्गर स्वस्त होत नाही. पण 'पावाला आठशे' हे गणित तिथे लागू नाही, इतकं समजतं. तू समुद्रासमोरच्या खुर्चीचे दोन तासही विकत घेतेयस. ते तुला हवेत की नाहीत, हे तूच ठरवायचंस.

आणि घरी 10,000 जातात ते थांबलेत का? नाही. कमी केलेस का? नाही. मग या बर्गरने आईचं काय घेतलं? कर्तव्य पार पाडल्यावर उरलेल्या पैशांतूनही स्वतःवर खर्च करताना अपराधी वाटतं, ही तक्रार घेऊन मला पत्र लिहिणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. मुलगे क्वचित. यावर मी सहसा एकच व्यावहारिक गोष्ट सुचवते: महिन्याला एक रक्कम स्वतःच्या नावाने बाजूला काढ, पाचशे का असेना, आणि तिचा हिशोब कुणालाही देऊ नकोस, स्वतःलासुद्धा. आतापासून जानेवारीपर्यंत तसं केलंस तर बर्गर त्यातून सहज निघेल. आईला फोनवर प्रत्येक आकडा सांगायलाच हवा असंही नाही. याला लपवणं म्हणत नाहीत.

'देखावा' या मुद्द्यावर मात्र मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. समुद्रकाठच्या माणसाने समुद्रावर मासेच खायला हवेत, हा नियम कुणी केला? ज्या पावावर हा सगळा डोलारा उभा आहे तो पावच आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आला. आज गोव्यात सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, त्याच्या टोपलीतले उंडे आणि पोळी हे पावाचे प्रकार, यांच्याशिवाय घर चालत नाही. चोरीस-पाव खाताना कुणाला वाटतं की आपण परदेशी काही खातोय? पावात मसालेदार मांस भरून समुद्रावर खाणं हे त्या किनाऱ्याला अजिबात नवं नाही.

तरी तुझी खंत अगदीच अनाठायी आहे असंही नाही. किनाऱ्यावरच्या मेनूकार्डांत पिझ्झा-पास्ता-बर्गर इतके वाढले की 2023 च्या शॅक धोरणात गोवा सरकारने शॅकवाल्यांना हुमण-भात, म्हणजे माशांची कढी आणि भात, ठेवणं बंधनकारक केलं. सरकारला वटहुकमासारखं सांगावं लागलं की बाबांनो, गोव्यात गोव्याचं जेवण द्या! मग तूच एक कर. त्या सहलीतलं एक दुपारचं जेवण तुझ्या हाती घे. म्हापशाला शुक्रवारचा बाजार बघायला जा आणि तिथल्याच एखाद्या साध्या खानावळीत सगळ्यांना शीत-कडी, म्हणजे हाच कढी-भात, खाऊ घाल. तिसऱ्यांची सुकी, किसमूर, तळलेला बांगडा, सोलकढी. ताजा मासा कोणता, शिळा कोणता, हे त्या पाच जणांत तुलाच कळतं. इतके दिवस त्यांनी मेनू दाखवायचा आणि तू घाबरायचं असं चाललंय, एकदा उलट होऊ दे. खर्चही आटोक्यात राहील. फक्त काटे काढून द्यायचं काम अंगावर घेऊ नकोस.

बर्गर खाणारच आहेस तर डोळे उघडे ठेवून खा. 'गूर्मे' हे विशेषण आता कशालाही चिकटवतात. न्यूयॉर्कमध्ये दानिएल बुलू नावाच्या फ्रेंच शेफने 2001 साली आपल्या रेस्टॉरंटात महागडं मांस आणि ट्रफल नावाची महाग, सुवासिक अळंबी घालून बर्गर केला, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. आता प्रत्येक किनाऱ्यावर एक असतो. वेटरला एक साधा प्रश्न विचार: "पॅटी इथेच बनवता?" ताजा खिमा, त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी, गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर कड, हे असेल तर पैसे वसूल. बनची आतली बाजू लोण्यावर भाजलेली असायला हवी, नाहीतर रस उतरला की तो भिजून गोळा होतो. काळा बन, सोन्याचा वर्ख, वीतभर उंची, याचे पैसे देऊ नकोस. 'ट्रफल ऑइल' लिहिलेलं असेल तर भुलू नकोस; बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात वास प्रयोगशाळेत तयार केलेला असतो. आणि पॅटी आतून पूर्ण शिजलेली माग. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावरचे जंतू वरच्या भागावर असतात, ते भाजताना मरतात. खिमा केला की ते आतवर मिसळतात, त्यामुळे मधे गुलाबी ठेवायचा शौक खिम्याच्या बाबतीत नको. चिकन असेल तर मुळीच नको.

फिश बर्गर घ्यावासा वाटला तर मासा कोणता ते विचार. पुष्कळदा उत्तर येतं 'बासा'. मूळचा व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतला, गोड्या पाण्यातला, तळ्यांत वाढवलेला मासा. दापोलीच्या मुलीने अरबी समुद्रासमोर बसून तो खावा, हे मात्र मला खरोखरच बघवणार नाही. इथे तुझ्या आईच्या बाजूने माझं मत.

ज्यांना खाण्याची पथ्यं आहेत त्यांच्यासाठीही दोन ओळी, कारण हे पत्र बरेच जण वाचतील. गोव्यात मेनूकार्डावर बीफ उघडपणे असतं, महाराष्ट्रात 2015 पासूनच्या कायद्यामुळे ते दिसत नाही आणि 'बफ' म्हणजे म्हशीचं मांस दिसतं. नुसतं 'क्लासिक बर्गर' लिहिलं असेल तर पॅटी कशाची ते विचारूनच ऑर्डर द्या. अंडं न खाणाऱ्यांनी व्हेज बर्गरचाही बन आणि मेयोनीज विचारावं. ब्रिऑश नावाच्या मऊ, पिवळसर बनमध्ये अंडं आणि लोणी असतं. विचारायला लाजायचं काही कारण नाही, वेटरला रोज वीस जण हेच विचारतात.

बिल आलं की खालून वर वाच. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून 10 टक्के लावलेले दिसले तर ते देणं तुझ्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात घालायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. शांतपणे काढून टाकायला सांगायचं. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे. तो चार्ज काढून घेतलास तर वेटरच्या हातात शंभराची नोट ठेव, कारण दिवसभर ट्रे घेऊन वाळू तुडवतो तो.

या सदराच्या ज्या वाचकांचा पगार ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त आहे त्यांना एक विनंती. जागा ठरवताना 'चालेल ना सगळ्यांना?' असं ग्रुपवर विचारू नका. त्याला 'नाही' म्हणायची सोय नसते, बदामच येतात. मेनूकार्ड टाकताना सोबत लिहा, 'माणशी साधारण बाराशे होतील, ड्रिंक्स ज्याचे त्याचे.' ज्याला झेपत नाही तो मग खासगीत सांगू शकतो, किंवा सरळ जेवणानंतर आइस्क्रीमला येऊ शकतो. हाही पर्याय तुला खुला आहे बरं का, महिना फारच ओढाताणीचा निघाला तर: "तुम्ही जेवून घ्या, मी सूर्यास्ताला येते." ताप न आणता.

सुरी-काट्याचं राहिलं. हाताने. सुरी देतात ती मधे खुपसलेली काडी काढल्यावर बर्गरचे दोन भाग करायला. आधी वरून तळहाताने हलकेच दाब, म्हणजे तोंडात मावेल इतका बसतो. मग अर्धा कागदात गुंडाळून खालून धर. रस मनगटापर्यंत येणारच, त्यामुळे लांब बाह्यांचा कुर्ता त्या दिवशी नको. आणि टिश्यू सोड्याच्या ग्लासाखाली दाबून ठेव, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ते पहिल्या घासाआधीच उडतात.